सीपीतला सगळा ताठरपणा सारखा नसतो

संपादक, स.न.वि.वि.

पुरवणीतला सेरेब्रल पाल्सीवरचा (सीपी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) लेख वाचला, चांगला आहे, पण उपचारांचा विषय 'स्नायू ताठरतात, मग इंजेक्शन आणि फिजिओ' एवढ्यावर आटोपलाय ते पटलं नाही. माझ्या भावाला सीपी आहे, तिशी ओलांडलीय त्याने, म्हणून लिहितोय.

हा ताठरपणा मुख्यतः दोन प्रकारचा, स्पॅस्टिसिटी आणि डिस्टोनिया. स्पॅस्टिसिटीत पाय जितक्या झटक्याने हलवाल तितका अडतो, हळू हलवला तर बराच सैल लागतो. डिस्टोनियाचं तसं नाही, माणूस काही धरायला गेला, बोलायला गेला, चिडला, खूश झाला, कुठं दुखलं की अंग पिळवटतं, मान वळते आणि झोप लागली की बहुतेक सगळं शांत. पुष्कळांना दोन्ही एकत्र असतं, तिथंच तर घोळ होतो. शिवाय पेशंट तपासणीच्या टेबलावर निवांत पडलेला असेल तर डॉक्टरांना डिस्टोनिया दिसणार कुठून, त्यामुळे घरी जेवताना, चिडल्यावर, झोपेत असे मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावेत.

फरक कळला नाही तर उपचार चुकतो. मज्जारज्जूत जाणाऱ्या नसांचे काही धागे कापायचं ऑपरेशन असतं, रायझोटॉमी, ते स्पॅस्टिसिटीसाठी आहे, डिस्टोनिया त्याने जात नाही. बोटॉक्सचं इंजेक्शन ठरावीक स्नायूंपुरतं, साधारण 3-4 महिने टिकतं. बॅक्लोफेन हे स्नायू सैल करायचं औषध दोन्हीत देतात, गोळ्या पुरत नसतील तर पोटाच्या कातडीखाली पंप बसवून औषध थेट मणक्यातल्या पाण्यात सोडतात, पण गोळी असो की पंप, ते एकदम बंद पडलं तर फिट, भास, ताप असं जिवावर बेतू शकतं आणि हे घरच्यांना नीट बजावून सांगितलं जात नाही याचा मला खरंच राग येतो. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचा डीबीएस पण आहे, मात्र काही जनुकीय डिस्टोनियात जेवढा गुण येतो तेवढा सीपीत सहसा येत नाही, कुणाला येतो कुणाला नाही.

आणि औषध वाढवायच्या आधी बद्धकोष्ठता, दातदुखी, ऍसिडिटी, खुब्याचं दुखणं बघा! बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं बऱ्याचदा असंच अंगातून बाहेर पडतं.

लेखातले सगळे फोटो लहान मुलांचे होते. ही मुलं मोठी होतात हो, आणि बालरोगतज्ज्ञांनी 'आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा' म्हटलं की पुढे कुणाकडे जायचं तेच कळत नाही. त्यावर एक लेख नक्की छापा.

आपला,
एक वाचक