टर्कीच्या मोसमातली अळंबी

कोलंबिया, मिझुरी
29 एप्रिल

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू बंदुकीलाही घाबरलीस आणि अळंबीलाही. म्हणून सविस्तर लिहितोय, बाबांनाही वाचून दाखव.

आधी बंदुकीचं. इथे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारपासून तीन आठवडे रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला परवानगी असते. मारायचा तो फक्त नर, किंवा छातीवर केसांसारखा झुपका असलेला पक्षी. शिकारी झाडाला पाठ टेकून मादीचा आवाज काढतो आणि नर जवळ यायची वाट बघत बसतो. शेजारचे आजोबा मला पहाटे सोबत नेतात, पण निघताना माझे कपडे तपासतात. लाल, पांढरं, निळं काही चालत नाही, कारण नराचं डोकं नेमक्या याच रंगांचं असतं आणि दुसरा शिकारी फसू शकतो. सरकारी रानात दुपारी एकला शिकार बंद होते. एकटा फिरतो तो मी त्यानंतरच.

टर्की अजून मिळालेली नाही. पण तासन्तास न हलता बसलं की नजर आपोआप पाचोळ्यात फिरते, आणि तिथे मोरेल नावाची अळंबी असते! मधमाश्यांच्या पोळ्यासारखी टोपी, रंग वाळक्या पानांचा. पहिली दिसायला वेळ लागतो, मग बाजूच्या एकेक दिसू लागतात. हिमाचलातली महागडी गुच्छी ती हिचीच बहीण. पाऊस पडून गेला, रात्री उबदार झाल्या की दक्षिण उतारावर आधी येते. एल्मची झाडं इथे बुरशीच्या रोगाने मरतात. नुकत्याच मेलेल्या, साल सुटू लागलेल्या एल्मखाली हमखास बघायचं. आजोबांनी एवढं सगळं शिकवलं, पण स्वतःची जागा काही दाखवली नाही. तिथे ते बायकोलाही नेत नसावेत.

आता विषाचं. प्रत्येक अळंबी मी उभी चिरतो. खरी मोरेल टोपीपासून देठापर्यंत आतून एकसंध पोकळ असते. खोटी तांबूस, सुरकुतलेली, आत कापसासारखा गर किंवा कप्पे, ती विषारी. आजीची चांदीच्या नाण्याची परीक्षा मात्र विसर, त्याने काही कळत नाही. आणि खरी असली तरी कच्ची खायची नाही. 2023 साली मोंटाना राज्यात बोझमन गावच्या एका हॉटेलात कच्च्या आणि अर्धकच्च्या मोरेलमुळे पन्नासावर माणसं आजारी पडली, दोन दगावली. मी चांगली शिजवतो, आणि पहिल्यांदा खाताना थोडीशीच खाल्ली.

आजोबा पिठात घोळवून लोण्यात तळतात. मी भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा केला. त्यांनी दोनदा वाढून घेतला आणि मग घाम पुसत बसले.

गोचिडी मात्र फार. घरी आलो की आधी सगळे कपडे झटकतो.

बाबा, पाऊस लागला की वारुळावरच्या अळंब्यांचा फोटो पाठवा. आणि आई, मालवणी मसाला संपत आलाय.

तुमचा,
बाळू