तक्रार: गिटारचे नॉब शाफ्टवर गोंदाने चिकटवून विकल्याबद्दल आणि त्यातून झालेल्या नुकसानीची वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या गिटार वर्गासाठी आपल्या कंपनीच्या सहा इलेक्ट्रिक गिटार घेतल्या आहेत. चार स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या मॉडेलच्या धर्तीच्या, दोन टेलिकास्टरच्या. पहिल्या चारांपैकी दोन गिटारचे व्हॉल्यूम पॉट (नॉब फिरवला की आवाज कमी-जास्त करणारा आतला भाग) आठ महिन्यांतच खरखरू लागले. वॉरंटी बारा महिन्यांची असल्याने आम्ही आपल्याला कळवले. आपण नवे पॉट कुरियरने पाठवले आणि जवळच्या कारागिराकडून बसवून घ्या, असे सांगितले. इथपर्यंत आमची काहीच तक्रार नाही. पॉट बदलायचा तर आधी नॉब काढावा लागतो, आणि आपले नॉब निघत नाहीत. हे पत्र त्याबद्दल आहे.

नॉब अडकणे ही किरकोळ गोष्ट समजू नये. पॉटला पिकगार्डवर, म्हणजे गिटारच्या दर्शनी प्लास्टिकच्या पत्र्यावर, आवळून धरणारा नट नॉबच्या खाली झाकलेला असतो. नॉब निघाला नाही तर नटाला पाना लागत नाही, आणि नट सुटला नाही तर पॉट सुटत नाही. पिकगार्डचे अकराच्या अकरा स्क्रू काढून तो उलटा केला तरी उपयोग होत नाही, कारण नट वरच्याच बाजूला राहतो. वापरात पॉट सैल होऊन जागच्या जागी फिरू लागतो, तेव्हाही नॉब काढून नट आवळणे एवढाच उपाय असतो. ते वेळेत झाले नाही तर मागच्या वायर पिळवटतात आणि सोल्डर तुटतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात निघायला हवा असा नॉब अडकला, की गिटारची विजेची सगळी दुरुस्ती अडते.

चारही गिटारचे मिळून बारा नॉब आम्ही काढले आणि व्हर्नियरने मोजले. आपण बसवलेले पॉट मेट्रिक मापाचे आहेत: शाफ्ट (नॉब ज्यावर बसतो तो दांडा) ६ मि.मी., त्यावर १८ दाते, मधोमध चीर. नॉब मात्र इंची मापाचे आहेत: भोक पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मि.मी., आणि आत २४ बारीक दाते. ही दोन मापे बाजारात वर्षानुवर्षे शेजारीशेजारी नांदत आहेत आणि गिटार दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असतात. इंची नॉब मेट्रिक शाफ्टवर घातला की तो डुगडुगतो, कारण ०.३५ मि.मी.ची फट उरते आणि दाते एकमेकांत बसत नाहीत. यावर दोन सरळ मार्ग आहेत. मेट्रिक नॉब वापरावा, नाहीतर शाफ्टच्या चिरेत पातळ पाते घालून दोन्ही पाकळ्या अगदी किंचित फाकवाव्यात. आपल्या कारखान्यात यातले काहीच झालेले नाही. फटीत इन्स्टंट ग्लू भरून नॉब दाबून बसवले आहेत. बारापैकी नऊ नॉबच्या आत गोंदाचा कडक थर सापडला. गोंदाच्या वाफेने येते तशी पांढरी झाक नॉबच्या खालच्या कडेला आहे, आणि दोन नॉबमधून गोंद ओघळून पॉटच्या बुशिंगपर्यंत (शाफ्टभोवतीच्या आटे असलेल्या नळीपर्यंत) गेला आहे. हे दोन पॉट फिरवायलाही जड झाले होते. फोटो सोबत जोडले आहेत, काढलेले नॉब वेगळे पाठवत आहोत.

आपल्या तंत्रज्ञाने फोनवर तीन सल्ले दिले. तिन्ही चुकीचे होते, आणि पुढच्या ग्राहकालाही तेच दिले जाऊ नयेत म्हणून कारणांसह लिहीत आहोत.

पहिला सल्ला: स्क्रू ड्रायव्हर खाली घालून नॉब उचकटा. स्ट्रॅट धर्तीच्या गिटारमध्ये नॉबखालचा पिकगार्ड पोकळीवर ताणलेला असतो, त्याच्या खाली लाकूड नसते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकते तिथे सगळा जोर एका बिंदूवर येतो आणि जेमतेम अडीच मि.मी. जाडीचे प्लास्टिक चिरते. शिवाय जोर एकाच बाजूने लागल्यामुळे नॉब वर न येता तिरका होतो आणि शाफ्टला आणखी घट्ट आवळतो. एका पिकगार्डला अशी चीर गेली आहे.

दुसरा सल्ला: नॉब जोरात पिळा, गोंद तुटेल. पॉटचा शाफ्ट पूर्ण फेरी फिरत नाही, पाऊण फेरीच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. थांबवणारा अटकाव आत पत्र्याचा छोटासा कान असतो. फटीत भरून सुकलेला गोंद पिळाने सहज तुटेलच असे नाही. गोंद टिकला तर त्याच्याआधी तो कान तुटतो, नाहीतर अख्खा पॉट फिरून वायर तुटतात. आमच्या दोन पॉटपैकी एकाचा अटकाव असाच गेला.

तिसरा सल्ला: तेलाचा स्प्रे मारा. गंजलेल्या शाफ्टवर सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडणे वेगळे आणि स्प्रे मारणे वेगळे. स्प्रे शाफ्टवरून ओघळून बुशिंगमधून पॉटच्या आत जातो, फिरण्यातला जडपणा राखणारे ग्रीस धुऊन टाकतो आणि कार्बनच्या पट्टीवर तेलकट थर सोडतो. मग खरखर वाढते. आणि इन्स्टंट ग्लूवर तेलाचा काडीचाही परिणाम होत नाही. हे सांगण्याआधी नॉब कशाने अडकला आहे, एवढे तरी विचारायला हवे होते.

गोंदाने अडकलेला नॉब काढण्याची पद्धत आम्ही खाली देतो. नऊपैकी सहा नॉब याच पद्धतीने, गिटारवर ओरखडा न उमटता निघाले. आपल्या सेवा केंद्रांना ही पद्धत लेखी द्यावी.

आधी ॲम्पची केबल काढावी आणि व्हॉल्यूमच्या नॉबजवळच्या पहिल्या तीन तारा सैल कराव्यात, कारण तिथे हात शिरायला जागा नसते. नॉब १० वर फिरवून ठेवावा, म्हणजे नवा नॉब बसवताना आकडा जुळवता येतो. मग हेअर ड्रायरने नॉबला साधारण एक मिनिट ऊब द्यावी, प्लास्टिक मऊ पडणार नाही इतपतच. ८० अंशांच्या आसपास इन्स्टंट ग्लूची पकड ढिली पडू लागते, पण नॉबचे एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या जवळपास मऊ होते. या दोहोंमधले अंतर फार थोडे आहे, त्यामुळे हीट गन वापरूच नये. जुन्या, नायट्रोसेल्युलोज फिनिशच्या (लाकडावरच्या रोगणाच्या) गिटारवर ड्रायरही टाळलेला बरा. आपल्या गिटारचे फिनिश पॉलीचे आहे, त्याला एवढी ऊब चालते.

आता लेंग्याची सुती नाडी घ्यावी. नाडी चपटी हवी, गोल दोरी नको. प्लास्टिकचे जुने कार्ड नॉबच्या कडेखाली सरकवून फट मोकळी करावी आणि नाडी नॉबभोवती एक वेढा देऊन कडेखाली ओढून घ्यावी. दोन्ही टोके समोरासमोरून हातांत धरून सरळ वर ओढावे. एकदाच हिसका देण्यापेक्षा दम धरून ताण वाढवत नेणे महत्त्वाचे. नॉब एक मि.मी. जरी उचलला गेला तरी थांबावे, नाडी नव्याने खाली सरकवावी, पुन्हा ऊब द्यावी. चार-पाच वेळा असे केले की नॉब हातात येतो.

नाडीने नाही जमले तर चहाचे दोन चमचे. एक दुसऱ्याच्या बरोबर समोर, पाठ खाली, टोके नॉबच्या कडेखाली. चमच्यांखाली स्टीलची पट्टी अशी ठेवावी की तिची दोन्ही टोके पोकळीच्या बाहेर, लाकडावर टेकतील. पट्टीखाली दुमडलेले कापड. दोन्ही चमचे एकाच वेळी, सारख्या जोराने दाबावेत. पट्टी ठेवायला विसरले तर पिकगार्डचे तेच होते, जे स्क्रू ड्रायव्हरने झाले.

पुश-पुल पॉट (ज्याचा नॉब वर-खाली केला की स्विच चालतो असा) असेल तर आधी नॉब वर ओढून स्विच उघडा करावा, म्हणजे खाली आपोआप फट मिळते. त्यापुढचा ताण मात्र स्विचच्या यंत्रणेवर येतो, तिथे चमचे वापरू नयेत.

ॲसिटोन कुठल्याही परिस्थितीत वापरू नये. ते इन्स्टंट ग्लू विरघळवते हे खरे, पण नॉब आणि पिकगार्ड दोन्हींना खाऊन टाकते आणि फिनिशही खराब करू शकते. आपल्या वेबसाइटवरच्या मदतीच्या पानावर नेलपेंट रिमूव्हर सुचवलेले आहे, ते कृपया आजच काढा. अनेक नेलपेंट रिमूव्हरमध्ये ॲसिटोनच असते.

उरलेल्या तीनपैकी एक नॉब कशानेच हलला नाही. शेवटी दोन बाजूंनी, समोरासमोर, छोट्या कटिंग डिस्कने उभ्या चिरा देऊन तो फोडून काढला. डिस्क प्लास्टिकमधून आरपार जाऊ द्यायची नाही, शेवटचा पापुद्रा चिरेत स्क्रू ड्रायव्हरचे पाते फिरवून तोडायचा, म्हणजे शाफ्टचे दाते वाचतात. इथे स्क्रू ड्रायव्हर चालतो, कारण जोर नॉबच्याच दोन भागांमध्ये राहतो. बाकीचे दोन नॉब आपल्या तंत्रज्ञाच्या सांगण्याप्रमाणे उचकटले होते. ते निघाले, पण शाफ्टसकट. पॉटच्या पत्र्याच्या डबीचे वाकवलेले कान उघडले आणि शाफ्ट बुशिंगमधून वर आला. यातला एक पॉट तर खरखरणारा नव्हता, चांगला चालू असलेला टोनचा पॉट होता.

या दोन पॉटची आणि चिरलेल्या पिकगार्डची वॉरंटी आपण ‘ग्राहकाने केलेली छेडछाड’ म्हणून नाकारली आहे. आम्हाला हे मान्य नाही. पॉट बदला असे आपण लेखी कळवले. पॉट बदलायला नॉब काढणे भाग आहे. नॉब आपल्याच कारखान्यात चिकटवलेला होता, आणि तो उचकटण्याचा सल्लाही आपलाच होता. यात ग्राहकाची छेडछाड नेमकी कोणती, हे लेखी कळवावे.

टेलिकास्टर धर्तीच्या दोन गिटारबद्दल थोडक्यात. त्यांचे चार धातूचे नॉब बाजूच्या छोट्या ॲलन स्क्रूने (षटकोनी भोकाच्या स्क्रूने) धरलेले आहेत. स्क्रूचे भोक १/१६ इंचाचे, म्हणजे १.५९ मि.मी.चे आहे आणि बरोबरच्या पिशवीत दिलेली ॲलन की १.५ मि.मी.ची आहे. नऊ शतांश मि.मी.चा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण एवढ्याशा षटकोनात की कोपऱ्यांवर सरकते आणि दोन-तीन प्रयत्नांत भोक गोल होते. एक स्क्रू असा गोल झाला. त्यात किंचित मोठा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) बिट हलकेच ठोकून बसवला आणि स्क्रू सोडवला. दुसरी चूक मोठी आहे. स्क्रूच्या नॉबला अखंड, गुळगुळीत शाफ्ट हवा. आपण तिथेही चीर असलेलाच शाफ्ट वापरला आहे. एका नॉबमध्ये स्क्रूचे टोक नेमके चिरेवर आले, पाचरीसारखे आत घुसले आणि शाफ्टच्या दोन्ही पाकळ्या नॉबच्या भोकात आतून ताणल्या गेल्या. स्क्रू पूर्ण काढल्यावरही नॉब जागचा हलत नव्हता. दुसऱ्या नॉबमध्ये टोकाने शाफ्टवर खड्डा पाडून कड उभी केली होती, तो वर ओढता ओढता थोडा थोडा फिरवत काढावा लागला. उभी राहिलेली कड बारीक कानशीने उतरवल्याशिवाय तोच नॉब परत घालू नये, नाहीतर पुढच्या वेळी हाच त्रास.

आमच्या मागण्या अशा आहेत. चार गिटारसाठी ६ मि.मी., १८ दात्यांचे बारा नॉब. शाफ्ट निघालेल्या, अटकाव तुटलेल्या आणि गोंद गेलेल्या पॉटच्या बदल्यात २५० के. (किलो-ओहम) चे पाच पॉट, त्याच मेट्रिक बुशिंगचे. इंची पॉट पाठवू नयेत, त्यांचे ३/८ इंची बुशिंग आपल्या पिकगार्डच्या ८ मि.मी. भोकात जात नाही आणि भोक मोठे करण्याचे काम पुन्हा आमच्या गळ्यात पडेल. एक पिकगार्ड. टेलिकास्टर धर्तीच्या गिटारसाठी अखंड शाफ्टचे चार पॉट, नवे स्क्रू आणि १/१६ इंचाच्या दोन ॲलन की. बसवण्याची मजुरी आम्ही मागत नाही, ते काम इथे नीट होईल.

नवे नॉब बसवताना नॉब आणि पिकगार्डमध्ये सुमारे एक मि.मी. फट ठेवावी, ही सूचना कारखान्यालाही द्यावी. तळाला टेकेपर्यंत ठोकून बसवलेल्या नॉबखाली ना नाडी जाते ना कार्ड, आणि ठोकताना बसलेला दाब शाफ्टमधून थेट पॉटच्या मागच्या पत्र्यावर जातो. आठ महिन्यांत पॉट का खरखरले, याचे उत्तर कदाचित तिथेच सापडेल. निदान तपासून पाहावे. आणि गिटारच्या माहितीपत्रकात शाफ्टचे माप आणि दात्यांची संख्या छापावी. एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ नसल्यामुळे लोक चुकीचे नॉब विकत घेतात आणि पुन्हा गोंदाकडे वळतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू, आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाऊ. बिलाची प्रत, सहाही गिटारचे सिरीयल नंबर, आपल्या सेवा केंद्राशी झालेला पत्रव्यवहार आणि मोजमापांचे फोटो सोबत आहेत. काढलेले बारा नॉब वेगळ्या डब्यात पाठवत आहोत. प्रत्येकावर गिटारचा क्रमांक आणि जागा लिहिली आहे, म्हणजे कोणत्या खेपेत गोंद वापरला गेला हे आपल्याला शोधता येईल.

कळावे,

आपले विश्वासू,
गिटार वर्गाच्या वतीने,
ठाणे