सूचना: बीसीआर-एबीएल तपासणी देताना आणि रिपोर्ट वाचताना

सोलापूर शहर-जिल्ह्यातील सर्व सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) सभासदांसाठी. बीसीआर-एबीएल हा या आजाराला कारणीभूत असलेला बदललेला जीन; रक्तात तो किती उरला आहे, हे ही तपासणी सांगते.

नमुना पुण्या-मुंबईच्या लॅबला जाणार असेल तर रक्त सोमवार ते बुधवारच द्या. यात मोजला जाणारा आरएनए (जीनची पेशीतली नक्कल) नाजूक असतो. नळी रविवारभर पडून राहिली किंवा आपल्या उन्हाळ्यात तापली, तर तो तुटतो आणि रिपोर्टवर विसंबता येत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये कंट्रोल जीनच्या (नमुना चांगला होता का हे कळावं म्हणून सोबत मोजलेल्या सामान्य जीनच्या) कॉपीज पाहा. त्या 10,000 पेक्षा कमी असतील तर ‘आढळले नाही’ या शेऱ्यावर लगेच खूश होऊ नका, डॉक्टरांना विचारा.

बीसीआर-एबीएलचा आकडा ‘आयएस’ (सगळ्या लॅबसाठी एकच असलेलं आंतरराष्ट्रीय मोजमाप) टक्क्यांतलाच धरा. उपचार सुरू झाल्यापासून 3 महिन्यांनी 10 टक्के, 6 महिन्यांनी 1 टक्का आणि वर्षाने 0.1 टक्का किंवा त्याहून कमी, ही अपेक्षा. 0.02 चा 0.04 झाला म्हणून झोप उडवून घेऊ नका, एवढा फरक एकाच लॅबमध्येही पडतो. लॅब बदलली तर तो आणखी वाढू शकतो, म्हणूनच लॅब बदलू नका. पण 0.1 च्या खाली आलेला आकडा पुन्हा वर गेला, तर पुढच्या तिमाहीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. चुकलेल्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध, काढे, सगळं मोकळेपणाने सांगा. आकडा वाढण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

सीबीसी नॉर्मल आहे म्हणून ही तपासणी टाळू नका, ही कळकळीची विनंती. पेशींची संख्या बिघडण्याच्या कितीतरी आधी हा आकडा चढू लागतो.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलला लावून न्या.