पिकाचे पैसे मिळतात, मातीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिवृष्टीच्या मदतीच्या बातम्या आपण नेमाने छापता. त्यात हेक्टरी किती, खात्यावर कधी, याची चर्चा होते ती पिकाची. जमीनच वाहून गेली, त्या शेतकऱ्याचे दुखणे निराळे आहे. त्याच्याकडे पुढच्या हंगामात पेरायला रान उरलेले नसते.

पूर ओसरल्यावर कादवा नदीकाठच्या एखाद्या शेतात जाऊन पाहावे. बांध मधोमध फुटलेला, तिथून खाली पिवळा मुरूम उघडा पडलेला, ठिबकच्या नळ्या बाभळीच्या मुळांत अडकलेल्या, विहीर गाळाने बुजलेली. चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले की फोटो येतात. शिवाराची ही दशा पाणी उतरल्यावर दिसते, तेव्हा कोणी फिरकत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे भातखाचरांचे तेच. वरच्या खाचराचा बांध फुटला की ते पाणी खालचे बांधही घेऊन जाते.

ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख, रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांची कामे आणि बाधित विहिरीला 30 हजार रुपये जाहीर केले. निर्णय योग्यच होता. पण हिशेब करून पाहा. एका हेक्टरवर अर्धा फूट माती टाकायची म्हटले तरी सुमारे साडेपाचशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागते. 47 हजारांत ब्रासला 90 रुपयेसुद्धा पडत नाहीत. माती फुकट मिळाली तरी ट्रॅक्टरचे भाडे, जेसीबीचे तास आणि सपाटीकरण यातून भागत नाही. म्हणजे खरी भिस्त त्या 3 लाखांवर. रोजगार हमी तर मजुरांच्या हाताला काम देण्यासाठी आहे. साडेपाचशे ब्रास माती घमेल्याने कोण आणि किती दिवस वाहणार?

मार्ग सरकारच्याच हाताशी आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला गाळ पसरवण्यासाठी एकरी 15 हजार, अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अनुदान आहे. खरडलेल्या जमिनीचा पंचनामा झाला की त्याच कागदावर जवळच्या तलावातला गाळ मंजूर करावा. वेगळा अर्ज, वेगळी रांग कशासाठी? अमेरिकेत कृषी खात्याचा अशा दुरुस्तीसाठी स्वतंत्र आपत्कालीन कार्यक्रम आहे. शेतातला राडारोडा काढणे, जमीन सारखी करणे, बांध-कुंपण उभारणे, याच्या खर्चाचा 75 टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलते. आपल्याकडेही मदत दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाशी जोडावी, अर्धी रक्कम आधी आणि उरलेली काम पाहून द्यावी. लहान शेतकऱ्याला आधी पदरचे घालणे जमत नाही, म्हणून आगाऊ रकमेचा आग्रह.

आणि हे सारे मृगाच्या आत व्हायला हवे. फुटका बांध तसाच राहिला तर उरलीसुरली मातीही पहिल्या मोठ्या पावसात जाईल.

आपणास विनंती, जिल्ह्यात किती जमीन खरडली आणि त्यातली किती पुन्हा लागवडीखाली आली, हे आपल्या वार्ताहरांनी तालुक्या-तालुक्यात फिरून छापावे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक