दुसऱ्या फ्लॅटचा हिशेब पुरवणीत का दिसत नाही?

महोदय,

गुढीपाडवा आणि दसरा जवळ आला की आपल्या दैनिकाची घरांविषयीची पुरवणी जाड होते आणि तिच्यात एक सल्ला हमखास असतो: शेअर बाजार डळमळीत आहे, नोकऱ्यांची शाश्वती नाही, जगात कुठे ना कुठे युद्ध चालू आहे, तेव्हा पैसा जागेत घालावा, कारण मुंबईतली जागा कधी उतरत नाही. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला हा सल्ला फारसा अपाय करत नाही. त्याला डोक्यावर छप्पर हवेच असते. पण गेल्या काही वर्षांत हाच सल्ला मानून कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्या पगारदार कुटुंबांची संख्या मला आजूबाजूला वाढताना दिसते. नोकरीचा मोठा काळ गृहकर्ज विभागात गेल्यामुळे या व्यवहाराची न छापली जाणारी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात व्याजदरापासून करावी लागेल. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला आणि तिथून फेब्रुवारी २०२३ पर्यंत आणखी पाच वाढींत तो ६.५० टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडावी लागत असल्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ काही महिन्यांच्या आत थेट कर्जदाराच्या खात्यावर येऊन पडली. ५० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज पावणेसात टक्के दराने घेतलेल्याचा हप्ता सुमारे ३८ हजार रुपये बसतो. दर सव्वानऊ टक्के झाल्यावर तेवढ्याच कर्जाला आणि तेवढ्याच मुदतीला तो सुमारे ४५ हजार ८०० रुपये होतो. हप्ता वाढवायचा नसेल तर मुदत वाढवा, असे कर्जदाराला सांगितले जाते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते न विचारताच केले गेले. पण सव्वानऊ टक्के दराने ५० लाखांचे एका महिन्याचे नुसते व्याज ३८ हजार ५०० रुपयांच्या वर जाते, म्हणजे जुना हप्ता त्या व्याजालाही पुरत नाही. ज्याने वर्षभर हप्ते भरून मुद्दल थोडेसे उतरवले होते, त्याचे कर्ज जुन्याच हप्त्याने फेडायचे म्हटले तर जवळपास ४९ वर्षे लागतील. चाळिशीतल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा प्रश्न कर्ज विभागात टेबलापलीकडे बसणाऱ्यालाही पडतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून बँका आणि गृहवित्त कंपन्यांना बजावले की, दर बदलला की कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे करायचे याची निवड द्यावी, स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय ठेवावा आणि मुदतवाढीमुळे थकीत रक्कम उलट वाढत जाणार नाही याची काळजी घ्यावी. ही सुधारणा चांगली आहे. परंतु तिने दिली ती माहिती आणि निवड. वाढलेले व्याज शेवटी कर्जदारालाच भरावे लागते. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर पुन्हा उतरू लागला आणि जाहिरातींचा सूर लगेच बदलला, मात्र २० वर्षांच्या कर्जाच्या आयुष्यात दर एकदाच चढून एकदाच उतरेल असे समजण्याला काहीही आधार नाही.

आता दुसऱ्या फ्लॅटकडे वळतो. उदाहरणादाखल उपनगरातला दीड कोटींचा तयार फ्लॅट घेऊ. कर्ज एक कोटी, स्वतःचे ५० लाख, त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ९ लाख आणि नोंदणीचे ३० हजार. मुद्रांक शुल्काची रक्कम बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे ती खिशातूनच जाते. साडेआठ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ८ लाख ४० हजार होते. भाडे महिना ३८ हजार धरले आणि भाडेकरू बदलणे, दलाली, रंगकाम यांत वर्षाचा एक महिना गेला असे मानले, तर हाती ४ लाख १८ हजार येतात. सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर मिळून महिना सहा हजार वजा केले की उरतात साधारण साडेतीन लाख. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते वेगळे. म्हणजे व्याज आणि भाडे यांच्यातली पाच लाखांची तफावत दरवर्षी पगारातून भरायची, आणि स्वतःचे जे ५९ लाख अडकले ते साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर मिळणारे पावणेचार-चार लाखही सोडायचे. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ८ लाख ८० हजार होतात. दीड कोटींच्या फ्लॅटची किंमत दरवर्षी जवळपास ६ टक्के वाढली तरच हा व्यवहार ना नफा ना तोटा या रेषेवर येतो, आणि दर आणखी दोन टक्के चढला तर तीच रेषा सव्वासात टक्क्यांच्या आसपास जाते. ठेवीच्या व्याजावर कर लागतो हे खरे, तसा तो भाड्यावरही लागतो, आणि रिकाम्या महिन्यांबद्दल मी उदारच राहिलो आहे.

किंमत दरवर्षी ६-७ टक्के वाढणार नाही का, असे कुणी विचारील. काही वर्षे वाढेल, क्वचित त्याहून बरीच अधिक वाढेल. पण २०१४ ते २०२० या काळात मुंबईच्या अनेक भागांत किमती जवळपास जागच्या जागी राहिल्या होत्या, आणि त्या वर्षांत महागाई मात्र थांबली नव्हती. पुरवणीतल्या आलेखाची सुरुवात कोणत्या वर्षापासून करायची हे ठरवणाऱ्याच्या हातात बरेच काही असते. उलवे-पनवेल पट्ट्याचे उदाहरण घ्या. तिथे नवी मुंबई विमानतळाच्या नावावर दोन दशके जागा विकल्या गेल्या आणि विमानतळाचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्याने सुरुवातीला रोख पैसे घालून वाट पाहिली त्याला ती कदाचित मानवली असेल. कर्जाच्या पैशावर वाट पाहणाऱ्याचा हिशेब त्याच काळात व्याजाने खाल्ला.

कर वाचतो, हा दुसऱ्या फ्लॅटसाठी दिला जाणारा जुना युक्तिवादही आता तपासून घ्यायला हवा. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली झाली आहे. तिच्यात भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते, पण त्यातून येणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीतही हा तोटा पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वळता करता येतो. शिवाय २३ जुलै २०२४ नंतर घेतलेली मालमत्ता पुढे विकताना महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याची सवलत, मिळत नाही आणि दीर्घ मुदतीच्या पूर्ण नफ्यावर साडेबारा टक्के कर बसतो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे गुंतवणाऱ्याचा धोका दुहेरी आहे, कारण दर चढतात तेव्हा बिल्डरचेही कर्ज महाग होते. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी कर्जफेडीत चुकली, त्यानंतर बिगरबँक वित्त कंपन्यांचा पतपुरवठा आटला आणि देशभरात किती इमारती अर्ध्यावर थांबल्या हे सर्वांनी पाहिले. २०१९ मध्ये केंद्र सरकारला रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी २५ हजार कोटींच्या निधीची घोषणा करावी लागली. महारेरा हे राज्यातले प्राधिकरण ज्याची अंमलबजावणी करते त्या रेरा कायद्यामुळे आज ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि विलंब झाला तर व्याज मागता येते. तरीही आदेश मिळणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत प्रत्यक्ष वसुली होणे यांच्यात बराच काळ जातो, आणि त्या काळात आपला हप्ता थांबत नाही.

या साऱ्याहून मला गंभीर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. आर्थिक अनिश्चिततेत जागा हा आसरा आहे असे म्हणताना आपण गृहीत धरतो की संकटे एकेकटी येतील. मुंबईत पगारदाराची नोकरी, त्याच्या भाडेकरूची नोकरी आणि त्याच्या फ्लॅटला येणारे गिऱ्हाईक ही तिन्ही बहुधा त्याच बँका, आयटी कंपन्या आणि कार्यालये यांच्यावर अवलंबून असतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर भाडेकरू गावी गेले किंवा घरून काम करू लागले, भाड्याच्या कित्येक जागा रिकाम्या पडल्या, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मालकांचेही पगार कापले गेले. त्या वेळी निदान व्याजदर उतरत होते आणि हप्ते स्थगित ठेवण्याची सवलत होती. महागाईमुळे दर चढत असताना मंदी आली तर हा दिलासाही मिळणार नाही. शेअर किंवा म्युच्युअल फंड असेल तर अडचणीपुरता भाग विकता येतो. फ्लॅटचा हॉल तेवढा विकून हप्ता भरता येत नाही, आणि पडत्या बाजारात घाईने विकणाऱ्याला गिऱ्हाईक लगेच ओळखते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, राहते घर घेणाऱ्याने आजच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने हप्ता मांडून तो पगारात बसतो का ते पाहावे आणि बसत असेल तर व्याजदराच्या तळाची वाट पाहत बसू नये. दुसरा फ्लॅट मात्र कर्ज काढून घेऊच नये. वडिलोपार्जित जागा विकून आलेले पैसे आहेत, किंवा कर्ज किमतीच्या पाव भागाहूनही कमी आहे, अशांची गोष्ट निराळी. ज्यांना जागेच्या उत्पन्नात वाटा हवाच आहे त्यांच्यासाठी शेअर बाजारात नोंदलेले रीट, म्हणजे इमारतींच्या भाड्याचे उत्पन्न युनिटधारकांत वाटणारे ट्रस्ट, आहेत. त्यांतले पहिले रीट एप्रिल २०१९ मध्ये नोंदले गेले. त्यांना वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटावी लागते, थोडे थोडे युनिट घेता-विकता येतात आणि कर्जाचा फास गळ्यात पडत नाही. दर चढले की त्यांचेही भाव पडतात, पण ते पडलेले रोज समोर दिसतात.

आपल्याकडे मागणी एवढीच की, पुरवणीत कोणत्याही भागाची शिफारस छापताना तिथल्या कार्पेट क्षेत्राचा दर, प्रत्यक्ष मिळणारे भाडे आणि दर दोन टक्क्यांनी चढल्यास येणारा हप्ता या तीन गोष्टी शेजारी द्याव्यात, आणि तो मजकूर विकासकाने पुरस्कृत केलेला असेल तर ते ठळक अक्षरांत लिहावे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडूनही एक अपेक्षा आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बहुतेक करार ऑनलाइन नोंदले जातात, म्हणजे कोणत्या भागात किती चौरस फुटांच्या जागेला किती भाडे आणि किती अनामत ठरली ही माहिती सरकारच्या संगणकात पडून आहे. व्यक्तींची नावे आणि पत्ते वगळून भागवार सरासरी भाडे आणि त्याच भागातल्या खरेदीखतांची सरासरी किंमत दर तिमाहीला प्रसिद्ध केली, तर दलालाच्या तोंडी आकड्यावर विसंबण्याची वेळ येणार नाही. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरले जाणारे भागवार दर विभाग प्रसिद्ध करतोच. त्याच संकेतस्थळावर भाड्यांचा हा तक्ता टाकायला वेगळ्या कायद्याची गरज भासू नये.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई