रेंज नसलेल्या मित्राला, सेलच्या निमित्ताने

कोल्हापूर,
२८ जून

प्रिय पक्या,

तुझा मेसेज तीन दिवस कुठेतरी अडकून काल एकदम चार तुकड्यांत येऊन पडला. ‘गेमचा सेल लागलाय. ५००० बाजूला काढलेत. यादी पाठव.’ आणि शेवटचा तुकडा, ‘नाहीतर पेन ड्राइव्हवर चोरीचे, क्रॅकवाले टाकून दे, आपल्याला काय.’ उत्तर टाइप करायला घेतलं आणि वाटलं, हे तुझ्या त्या एका काडीच्या रेंजमध्ये पोचायचं नाही. म्हणून कागदावर लिहितोय. तुझा मेव्हणा पुढच्या आठवड्यात किन्नौरला निघतोय, त्याच्याबरोबर देतो. तोवर सेल संपेल म्हणशील. संपू दे. हा काही कुंभमेळा नाही बारा वर्षांनी येणारा. नाताळात परत लागतो, मध्येही दोन-चार असतातच. नव्वद टक्के सूट दिसली की आपला हात आपोआप खिशाकडे जातो, एवढंच. माझ्या खात्यावर असे दीडशेच्या वर गेम पडलेत, त्यातले निम्मे मी एकदाही उघडलेले नाहीत. त्यामुळे मी काही फार शहाणा आहे असं समजून हे पत्र वाचू नकोस.

पण तुझी गोष्ट वेगळी आहे. तू बोगद्याच्या साइटवर राहतोस. कॅन्टीनच्या गच्चीवर उभं राहिल्याशिवाय तुला नेट मिळत नाही. तेव्हा तुझ्यासाठी किंमत हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की रात्री दहा वाजता कंटेनरमध्ये तू लॅपटॉप उघडलास आणि गेमने विचारलं ‘मालकाला फोन लावू का?’, म्हणजे नेटवरून कंपनीची परवानगी मागितली, तर तू काय करणार?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते, वाचलीस कधी? तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेताय, अशा अर्थाची. ती २०२४ च्या ऑक्टोबरपासून दिसायला लागली. कॅलिफोर्नियात कायदा झाला की डिजिटल माल ‘विकत घ्या’ असं म्हणून विकायचा असेल तर हा नुसता परवाना आहे हे गिऱ्हाइकाला ठळक सांगा. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. परवाना काही नवा नाही, पहिल्यापासून तोच आहे. आपण वीस वर्षं भाड्याच्या घरात राहत होतो, आता घरमालकाने दारावर पाटी लावली इतकंच. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे पोरीला वारसाहक्कात माझे ते न उघडलेले पाऊणशे गेमसुद्धा मिळायचे नाहीत. तिला त्याचं दुःख होईल असं वाटत नाही.

मागच्या महिन्यात माळा साफ केला. आपल्या त्या फुटपाथवरच्या चोरीच्या सीड्या बाबांनी कधीच शेतात बांधल्या, जोंधळ्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून. वाऱ्यावर छान चमकायच्या. पण एक डबी त्यांनी बाजूला ठेवली होती, कारण मी तेव्हा बजावलं होतं, ‘ही ओरिजिनल आहे, हात लावू नका.’ तुला आठवेल, गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम. कॉलेजात असताना दोन महिने चहा सोडून घेतलेला. डिस्कवर ओरखडा नाही, पुस्तिकेवर गेम चालू करायच्या किल्लीचा नंबर चिकटवलेला, आतला कागद अजून गुळगुळीत. पोरीच्या पुढ्यात मोठ्या रुबाबात बाहेरून लावायच्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घुर्र करून फिरला, थांबला, परत फिरला आणि गप्प झाला. पोरगी म्हणाली, ‘बाबा, हे दळण कधी होणार?’

खोदून पाहिलं तेव्हा कळलं. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. डिस्कवर मुद्दाम असे भाग सोडलेले की साध्या सीडी-रायटरला त्यांची नक्कल नीट करता येऊ नये, आणि डिस्क अस्सल आहे की नाही हे तपासायला विंडोजच्या पोटात शिरून बसणारा एक छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो. त्या ड्रायव्हरला सुरक्षेचं भोक होतं. म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भोक पडलेली भिंत कोण ठेवील? पण गंमत बघ. कुलूप काढलेली ती चोरीची सीडी आज शेतातून सोडवून आणली आणि ती वाचली गेली, तर तिला हा अडथळा यायचाच नाही. ज्याने पैसे मोजले तो दाराबाहेर.

तसं कुलूप आपल्याला नवीन नव्हतंच. शाळेच्या लॅबमधला प्रिन्स ऑफ पर्शिया आठव. पहिला टप्पा संपला की एक खोली लागायची, बाटल्याच बाटल्या आणि प्रत्येकीवर इंग्रजी अक्षर. पडदा सांगायचा, पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली पी. आपल्याला कुठली पुस्तिका? आपल्याला ते कुलूप आहे हेच माहीत नव्हतं, आपण समजायचो गेममधलंच कोडं आहे. तू डावीकडून तिसरी बाटली शुभ म्हणायचास आणि दर वेळी राजपुत्राचा जीव कमी व्हायचा. मला ते कुलूप अजूनही आवडतं. तुझ्या मशीनमध्ये घुसायचं नाही, कुणाला फोन लावायचं नाही. पुस्तिका जपून ठेवली असती तर आजही उघडलं असतं.

पुढची कुलुपं मात्र घरात राहायला यायला लागली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये ईए या कंपनीने स्पोअर हा गेम काढला तेव्हा अट होती, तीन वेळाच चालू करून मिळेल. फॉरमॅट मारला, मशीन बदललं, की तीनातला एक गेला. लोकांनी अ‍ॅमेझॉनवर एका ताऱ्याचा पाऊस पाडला आणि त्या वर्षी चोरून उतरवल्या गेलेल्या गेमांत तोच वरच्या रांगेत होता. मग २०१० मध्ये युबिसॉफ्ट या दुसऱ्या कंपनीने त्याच्या वरचढ केलं. असॅसिन्स क्रीड २ खेळायला पूर्णवेळ नेट चालू हवं, आणि खेळता खेळता लाइन तुटली की गेम जागच्या जागी थांबणार. मार्चमध्ये बाजारात आल्यावर त्या पहिल्याच दिवसांत त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेली माणसं घरात बसून राहिली. तुझ्या गच्चीवरच्या काडीवर असलं काही चालवायचं म्हणजे दोन मिनिटं खेळ आणि वीस मिनिटं जिना.

आज ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात ते कुलूप म्हणजे डेनुव्हो. ऑस्ट्रियातलं, २०१४ पासूनचं. ते पहिल्यांदा गेम उघडताना सर्व्हरला विचारतं आणि तुझ्या त्या मशीनपुरती एक चिठ्ठी घेऊन येतं. चिठ्ठी शाबूत आहे तोवर ऑफलाइन चालतं. मोठं अपडेट आलं किंवा मशीनमध्ये काही बदललं, की परत नवी चिठ्ठी. त्याने गेम हळू होतो की नाही यावर लोक रात्र रात्र भांडतात. मला विचारशील तर ते गेमगणिक बदलतं, सरसकट शिव्या द्यायला मी तयार नाही. रेसिडेंट इव्हिल व्हिलेजचं मात्र उघड झालं. २०२१ मध्ये त्याची क्रॅक केलेली प्रत अस्सल प्रतीपेक्षा सरळ चालत होती, आणि तो बनवणाऱ्या कॅपकॉमला दुरुस्ती काढावी लागली.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील बाळ्या नुसता रडतो. गेम बनवणाऱ्याचा बराचसा गल्ला पहिल्या काही आठवड्यांत जमतो. लग्नसराईत कापडवाल्याचा जमतो तसा. तेवढे दिवस चोर दाराबाहेर राहिला तरी त्यांचं भागतं. म्हणून डूम या गेमसारखं होतं बघ. २०१६ च्या मे महिन्यात आला डेनुव्हो लावून, आणि डिसेंबरात त्यांनीच ते काढून टाकलं. सगळेच काढतात असं नाही, काही कंपन्या वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. पण जिथे काढतात तिथे आपल्यासारख्या थांबणाऱ्याला दोन्हीकडून फायदा. भाव उतरलेला आणि कुलूपही उतरलेलं. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला सगळ्यात जड कुलूप मिळतं, हे मला फार उफराटं वाटतं. पण आपण काय, आपण तर त्याच्याच जिवावर स्वस्तात खेळतो.

आणि मग पोलंड. (पोलंड म्हटलं की आपल्या आज्जीला वळिवड्याचा कॅम्प आठवायचा. १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित, बायकापोरंच जास्त. आज तिथे गांधीनगर आहे, जिथून तुझ्या लग्नाचा बस्ता बांधला.) तिथल्या वॉर्सामध्ये शाळकरी वयात बाजारात गेमांची देवघेव करणाऱ्या दोन पोरांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. त्यांच्याकडे चोरीचा माल आपल्या फुटपाथसारखाच उघड्यावर मिळायचा. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला आणि पेटीत नकाशा, नियमांचं पुस्तक, गाण्यांची सीडी असलं सगळं कोंबलं. चोराच्या मालात जे नाही ते द्यायचं, एवढाच हिशेब. पहिल्याच दिवशी १८,००० पेट्या गेल्या. त्याच मंडळींनी २००८ मध्ये जीओजी हे दुकान उघडलं. तिथून घेतलेल्या गेमची पूर्ण फाइल उतरवून घ्यायची, डिस्कवर ठेवायची, नेट नसलेल्या मशीनवरही टाकायची. कुणाला विचारायचं नाही.

त्यांच्याच विचर २ या गेमची गोष्ट मला भारी वाटते. २०११ मध्ये पेटीतल्या प्रतीला कुलूप होतं, जीओजीवरच्या प्रतीला नव्हतं. तरी टोरंटवर, म्हणजे लोक फाइली फुकट वाटतात तिथे, आधी पसरली ती कुलपाची, फोडलेली. उघडं दार सोडून चोर कडी तोडून आत आले. अर्थात ते काही संत नाहीत. त्याच वर्षी जर्मनीत, गेम चोरला असा संशय असलेल्यांना त्यांच्या वतीने दंडाची पत्रं गेली आणि ओरडा झाल्यावर २०१२ च्या जानेवारीत त्यांनी ते थांबवलं.

तर तुझे पाच हजार. माझा हिशेब सरळ आहे. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे त्याला मी सिनेमाच्या तिकिटाचा भाव देतो. दोनशे-तीनशे, खेळलो, संपलं, उद्या गेलं तरी हळहळ नाही. जे माझ्या डिस्कवर राहणार त्याला पुस्तकाचा भाव, तिथे हजारही खुशाल. म्हणून पंचाहत्तर टक्के सूट ऐकून मी आता हुरळत नाही, आधी दुकानाच्या पानावर उजवीकडे कुठलं कुलूप लिहिलंय ते बघतो. युबिसॉफ्टच्या द क्रू या गेमचं काय झालं ऐकलंस ना? २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्याबरोबर गेला. ज्यांनी आदल्या दिवाळीत स्वस्तात घेतला असेल त्यांना तो स्वस्त पडला का?

स्टीमवर काहीच घेऊ नकोस असं नाही. तिथले काही गेम कुलपाशिवायही चालतात, आणि ऑफलाइन मोड आहेच. फक्त साइटवर जायच्या आधी नेट असताना गेम एकदा उघडून, अपडेट पुरं करून ठेवायचं. पसंत पडला नाही तर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पण तुझे चौदा दिवस गच्चीवर रेंज शोधण्यातच जातील.

नुसती किल्ली विकणाऱ्या त्या आडबाजूच्या साइटींच्या नादाला लागू नकोस. मी लागलो होतो. निम्म्या किमतीत किल्ली घेतली, दोन महिने मस्त चाललं, आणि एका रविवारी लायब्ररीतून गेम गायब. विकणाऱ्याला चार मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. अशा किल्ल्या पुष्कळदा चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात हे नंतर समजलं. म्हणजे मी पैसे देऊन चोरीच केली, ती पण धड जमली नाही.

आणि पेन ड्राइव्हचं म्हणशील तर नाही भावा. नीतीचं भाषण देत नाही, आपण दोघं फुटपाथवरच शिकलो. पण त्याच लॅपटॉपवर तुझं बँकेचं आणि साइटच्या मोजमापांचं सगळं आहे. क्रॅकच्या फाइलबरोबर आणखी कोण आत येईल ते ना तुला कळणार, ना मला.

त्यापेक्षा गणपतीला येशील तेव्हा एक रात्र माझ्याकडे राहा. तुझ्याच खात्यावर घेऊ, माझ्या फायबरवर उतरवू. विचर ३ एकटाच पन्नास जीबीच्या आसपास आहे, तो लावून जेवायला बसू. स्टारड्यू व्हॅली घे पोरीसाठी. एकट्या माणसाने वर्षानुवर्षं बसून बनवलेला शेतीचा गेम आहे, तुझी पोरगी तुझ्यापेक्षा बरी शेती करेल. आणि हिरोज ३ घ्यायचाच. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळता येतो, तेव्हा तुझा तो तेलुगू सर्व्हेअर रात्री रमी मांडतो त्याला पण बसव. हे तिन्ही जीओजीवर आहेत, आणि सेलमध्ये मिळून दोन हजारांच्या आत यावेत. उरलेल्याचा तांबडा-पांढरा.

डिस्क १ टीबीची आण. आणि तिची केबल. मागच्या वेळी डिस्क आणलीस आणि केबल किन्नौरला ठेवून आलास.

तुझा,
बाळ्या