सिझरच्या कार्डावर आतला काप लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिलं सिझर झालं, आता दुसरं नॉर्मल होईल का, हा प्रश्न आमच्या भागात घरोघरी असतो. उत्तर मात्र शेजारच्या कुणाच्या तरी सुनेचं बघून दिलं जातं. माझ्या मुलीच्या बाबतीतही तेच चाललं होतं, म्हणून हे पत्र.

तिचं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यात झालं. पाणी गेलं होतं, बाळ आडवं होतं, घाईनं सिझर करावं लागलं. नात सव्वा किलोची, पाच आठवडे काचेत होती. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर एवढंच लिहिलं होतं : 'सिझेरियन, मुलगी, १२५० ग्रॅम.' दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा सासरच्यांचं ठरलंच होतं. पोटावरचा टाका आडवा आहे, तेव्हा नॉर्मलची वाट बघायची. तिलाही तेच हवं होतं.

पाचव्या महिन्यात कराडच्या डॉक्टरीणबाईंनी ते कार्ड हातात घेतलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "पोटावरचा टाका मला दिसतोय हो. पण आत पिशवीवर काप कसा घेतलाय?"

आम्हाला हे दोन वेगळे असतात हेच ठाऊक नव्हतं. पिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवा काप असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार असा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी जवळपास तिघी नॉर्मल बाळंत होतात आणि कळा आपोआप आल्या तर साधारण दोनशेत एकीची पिशवी जुन्या टाक्यावर फाटते. कळा आणायची औषधं दिली तर हा धोका वाढतो. फाटली तर वेळ मिनिटांचा असतो; म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, तयार ऑपरेशन थिएटर आणि रक्त हाताशी लागतं. आमच्या गावातून कराडला पोचायला पावसाळ्यात दीड तास लागतो! (सिझरवर सिझर करत जाणंही बिनधोक नाही. पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यात रुतून बसण्याची भीती दर सिझरला वाढते.)

पण सातव्या महिन्यात पिशवीचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो. मग कधी कधी वरच्या जाड भागावर उभा काप घ्यावा लागतो. कळांचा सगळा जोर याच भागावर येतो, तिथला टाका उसवण्याचा धोका कितीतरी जास्त. अशा बाईला कळा येऊच द्यायच्या नसतात.

जुन्या दवाखान्यात मी तीन खेपा घातल्या. एकदा चावी नाही, एकदा साहेब नाहीत. तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. त्याच नियमात कागद तीन वर्षं जपायला सांगितले आहेत. आमची दोन वर्षं आठ महिने झाली होती. ऑपरेशनचा कागद निघाला : पिशवीवर उभा काप.

मुलगी तो कागद बराच वेळ बघत बसली. सदतिसाव्या आठवड्यात ठरवून सिझर झालं, मुलगा झाला, दोघंही सुखरूप आहेत.

मी तलाठी होतो. सातबाऱ्यावर आम्ही बांधावरचं झाडसुद्धा लिहितो. मग बाईच्या पिशवीवर काप कुठं आणि कसा घेतला, सिझर का करावं लागलं, पुढं नॉर्मलचा प्रयत्न चालेल की नाही, या तीन ओळी प्रत्येक कार्डावर का नसाव्यात? आरोग्य खात्यानं त्या सक्तीच्या कराव्यात. आणि घरच्यांनी ऑपरेशनच्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय बाळंतिणीला घरी आणू नये.

या वेळच्या कार्डावर डॉक्टरीणबाईंनी लाल पेनानं लिहून दिलंय : 'पहिल्या वेळी पिशवीवर उभा काप. पुन्हा दिवस राहिल्यास कळा सुरू होण्याआधी दाखल करा.' त्याच्या दोन प्रती काढल्या. एक तिच्या सासरी आहे, एक माझ्या कपाटात.

– एक निवृत्त तलाठी, ता. पाटण, जि. सातारा